आवळण्यापूर्वीं

कोणतीहि वस्तु मोकळी करणें सोपें असतें आणि ती पुन्हां जुळविणें अवघड असतें, ही गोष्ट ज्याच्या घरीं भिंतीवरचें घड्याळ, पाण्याचा पंप किंवा शिवण्याचें यंत्र आहे अशा प्रत्येक गृहस्थास केव्हां ना केव्हां कळून चुकते. मोकळी करतांना प्रत्येक स्क्रू आपण होऊन पुढचा मार्ग दाखवितो. जुळवितांना मात्र सर्व स्क्रू मुके होऊन बसतात. त्यांतूनहि अवघड प्रकार म्हणजे वस्तु बिनचूक जुळलेली दिसावी, एकहि नट उरूं नये, आणि तरीहि ती पूर्वींसारखी चालूं नये. गेल्या ज्येष्ठांत आमच्या घरच्या फटफटीच्या बाबतींत आमच्यावर हाच प्रसंग आला. त्यांत जें शिकलों तें येथें सांगण्याचें योजिलें आहे. कौटुंबिक मासिकांत फटफटीच्या चाकाचें काय काम, असें कोणी विचारील. त्यास आमचें उत्तर इतकेंच कीं, ज्याच्या अंगणांत एकहि दुचाकी उभी नाहीं असें घर आज कर्जत-खालापुराकडे विरळाच. आणि तिच्यावर बसून जाणारीं माणसें आपल्याच कुटुंबांतलीं असतात.

ही फटफटी आमच्या थोरल्या बंधूंची. १९८१ सालीं कुलाबा जिल्ह्याचें नांव रायगड झालें, त्याच सालीं दादांनीं ती विकत घेतली. आणि पुढें तीस वर्षें ते तिच्यावरून कर्जतेहून पळसदरीच्या बाजूनें खोपोलीस कारखान्यांत जात-येत असत. घाटाच्या पायथ्याशीं पाऊस कसा पडतो हें ज्यांनीं पाहिलें आहे, त्यांस आषाढांतलें हें जाणें-येणें म्हणजे काय, तें सांगणें नलगे. चार वर्षांपूर्वीं दादा आजारानें गेले. तेव्हांपासून गाडी पडवींत गोणपाटाखालीं उभी होती. ती विकावी असें कोणी म्हणत नसे, आणि चालवावी असेंहि कोणी म्हणत नसे. एकत्र कुटुंबांत अशा कांहीं गोष्टी असतातच, कीं ज्यांविषयीं सर्वजण न ठरवितां गप्प राहतात. शेवटीं दादांचा मुलगा सव्वीस वर्षांचा झाला, नोकरीस लागला, आणि एके दिवशीं त्यानें तें गोणपाट काढलें.

इंजिन चालू करण्यास फार श्रम पडले नाहींत. खरी अडचण पुढच्या चाकाशीं होती. चार पावसाळे एका जागीं उभें राहून पुढच्या दोन्ही नळ्यांवर गंजाचे बारीक ठिपके धरले होते. गाडी थोडी चालतांच त्या ठिपक्यांनीं आंतल्या रबरी कड्या, ज्यांना मिस्त्री लोक ऑइल सील म्हणतात, खरवडून निघाल्या, आणि नळ्यांवरून तेल ओघळूं लागलें. चाक खड्ड्यांत गेलें कीं लोखंडावर लोखंड आपटल्याचा आवाज येई. ओघळतें तेल ब्रेकमध्यें उतरलें तर ब्रेक धरणार नाहीं, हें भय वेगळेंच. तेव्हां मृग लागण्यापूर्वीं हें काम घरींच उरकावें, असें आम्हां काका-पुतण्यांचें ठरलें.

ज्याला इंग्रजींत फोर्क म्हणतात व आमच्याकडचे मिस्त्री शॉकप म्हणतात, त्या पुढच्या भागाची रचना थोडक्यांत सांगितल्यावांचून पुढील हकीकत समजणार नाहीं. चाकाच्या दोन्ही बाजूंस एकेक पाय असतो. प्रत्येक पाय म्हणजे एका नळींत सरकणारी दुसरी नळी. आंत एक लांब स्प्रिंग व ठराविक मापाचें तेल असतें. चाक उंचवट्यावर चढलें कीं नळ्या एकमेकींत शिरतात, स्प्रिंग दबते आणि धक्का गिळते. परंतु नुसती स्प्रिंग असती तर ती दबून उसळली असती, उसळून पुन्हां दबली असती, आणि बसणाऱ्याची स्थिति झोपाळ्यावरच्या मुलासारखी झाली असती. तेल हें होऊं देत नाहीं. नळ्या सरकतांना तें बारीक छिद्रांतून ढकललें जातें; आणि डॉक्टरच्या पिचकारींतून औषध जसें कितीहि घाई केली तरी बेतानेंच बाहेर पडतें, तसें तें बेतानेंच जातें. त्यामुळें दबणें संथ होतें आणि वर येणेंहि संथ होतें. स्प्रिंग धक्का सोसते, तेल स्प्रिंगेस आवरतें.

ही युक्ति फार प्राचीन नव्हे. पूर्वींच्या मोटारसायकलींना पुढें लोखंडी चौकट व उघडी स्प्रिंग असे. जर्मनींतील बीएमडब्ल्यू कारखान्यानें १९३५ सालीं आपल्या आर-१२ व आर-१७ या गाड्यांस तेलानें आवरलेल्या सरकत्या नळ्या बसविल्या, आणि दुसऱ्या महायुद्धानंतर ती पद्धत सर्वत्र रूढ झाली. आपल्याकडे १९५५ पासून मद्रासेस होऊं लागलेली बुलेट काय, किंवा १९६१ पासून म्हैसुरास होऊं लागलेली जावा काय, दोहोंसहि अशाच नळ्या होत्या. आणि आज रस्त्यावर दिसणाऱ्या बहुतेक मोटारसायकलींस त्याच आहेत. म्हणून पुढें सांगितलेली गोष्ट एका गाडीपुरती नाहीं.

या रचनेंत एक मर्म आहे, आणि आमची चूक त्या मर्मावरच झाली. दोन्ही पाय एकमेकांशीं अगदीं समांतर असले पाहिजेत. खालीं त्यांना चाकाचा आंस जोडतो. त्याच्यावर मडगार्डाची कमान जोडते. आणि माथ्याकडे दोन आडवे जोड असतात, ज्यांना मिस्त्री वरची टी व खालची टी म्हणतात, ते जोडतात. या तीन ठिकाणांपैकीं कोठेंहि केसाएवढा पीळ राहिला तर नळी नळींत सरळ सरकत नाहीं. ती बाजूला घासते. फुगलेलें कपाटाचें खण ज्याप्रमाणें एका कोपऱ्याशीं अडकतें व ढकललें तरी पुढें जात नाहीं, ओढलें तरी मागें येत नाहीं, तशी तिची गत होते.

असो. रविवारीं सकाळीं इंजिनाखालीं लांकडी ठोकळा देऊन पुढचें चाक अधांतरीं केलें. पुतण्यानें प्रत्येक पायरीचें छायाचित्र मोबाइलवर घेतलें. आम्हीं प्रत्येक नट बशींत क्रमवार मांडला. दोहोंपैकीं आमच्या पद्धतीवर आमचा विश्वास अधिक होता. नळ्या बाहेर निघाल्यावर त्या वाकल्या आहेत कीं काय हें पाहणें जरूर होतें. अगदीं सपाट पृष्ठभागावर नळी लोटावी. ती एकसारखी घरंगळली तर सरळ, आणि थबकत थबकत, उड्या घेत चालली तर वाकडी, अशी ही साधी परीक्षा आहे. घरांत तेवढी सपाट जागा एकच, ती म्हणजे स्वयंपाकघरांतला ओटा. वहिनींनीं प्रथम साफ नकार दिला; मग निदान खालीं वर्तमानपत्र तरी घाला असें सुचविलें; आणि कागदानें परीक्षा खोटी होईल हें ऐकल्यावर नळ्या साबणानें धुवून आणण्याच्या अटीवर ओटा मोकळा करून दिला. नळ्या सरळ निघाल्या. गंजाचे ठिपके उथळ होते. ते बारीक पॉलिश पेपरला तेल लावून घासून गुळगुळीत केले. ठिपके खोल असते तर नळीच बदलावी लागली असती, कारण खड्डे पडलेल्या नळीवर नवें सील घालणें म्हणजे खडकावर नवें धोतर आपटणें होय.

नवीं सीलें बसलीं. तेल घालण्याचें काम पुतण्याकडे होतें. माप गाडीबरोबर आलेल्या पुस्तकांत होतें. मोजण्यास आईच्या औषधाचा पेला घेतला होता. जोडणी सुरू झाली तों दिवेलागण झाली, वळवाचा वारा सुटला, आणि अशा वेळीं आमच्याकडे जें नेहमीं होतें तें झालें, वीज गेली.

पुतण्या म्हणाला, “काका, राहिलेलं उद्यां सकाळीं करूं या का?”

आम्हीं म्हटलें, “राहिलंय काय आतां? आवळायचंच तर आहे.”

“पण काका, चाक अजून—”

“तूं उजेड नीट धर.”

पाना आमच्या हातीं होता. मोबाइलच्या उजेडांत आम्हीं एकामागून एक सर्व बोल्ट आवळले. आंसाचा नट आवळला, त्याच्या दुसऱ्या टोकाकडचा लहान पकडबोल्ट आवळला, मडगार्ड आवळलें, खालची टी आवळली, वरची टी आवळली. पाना जितका जड जाईल तितकें काम चोख, अशी आमची समजूत होती. बशींत एकहि नट उरला नाहीं हें पाहून आम्ही समाधानानें हात धुतले. चाक तेव्हांहि ठोकळ्यावरून अधांतरींच होतें.

दुसऱ्या दिवशीं सकाळीं पुतण्या गाडी घेऊन खोपोलीच्या रस्त्यानें गेला. अर्ध्या तासांत परत यावयाचा तो दीड तासानें आला, आणि तोहि गाडी ढकलीत. गुडघा खरचटला होता. झालें तें त्यानें सरळ सांगितलें. निघाल्यापासूनच पुढचें अंग ताठ लागत होतें; लहानसहान खड्डे हातांस बसत होते. पळसदरीच्या अलीकडे गतिरोधकापाशीं ब्रेक दाबला तेव्हां पुढचें अंग खालीं बसलें तें तसेंच बसून राहिलें, हँडल डावीकडे ओढलें, आणि गाडी डांबर सोडून मातींत गेली. तो पडला तो डावीकडे पडला. त्याच क्षणीं उजवीकडून एक टेंपो निघून गेला, हें वाक्य त्यानें अगदीं हळू उच्चारलें. परंतु वहिनी दाराशींच उभ्या होत्या.

भीतीनें माणूस मुका व्हावा तें न होतां आम्ही बोलके झालों. सर्वांदेखत आम्हीं त्यास विचारलें, “दोन्हीकडे तेल सारखं घातलं होतंस?”

“हो काका.”

“मोजून?”

“मोजून.”

“मग हें झालं कशानं? मन ठिकाणावर ठेवून काम केलं असतंस तर ही वेळ आली नसती.”

तो कांहीं बोलला नाहीं. वहिनी एवढेंच म्हणाल्या, “भाऊजी, ही गाडी आतां विकून टाका.” दादा गेल्यापासून जें वाक्य घरांत कोणी उच्चारलें नव्हतें, तें आमच्या एका पान्यामुळें त्यांच्या तोंडून निघालें, पण पान्याचा दोष आम्हांस तेव्हां कळला नव्हता.

दुपारीं पडवींतून आवाज आला म्हणून जाऊन पाहिलें. पुतण्यानें दोन्ही पायांवरच्या टोप्या उघडून स्प्रिंगा बाहेर काढल्या होत्या, नळ्या पूर्ण दाबून धरल्या होत्या, आणि पट्टी आंत सोडून नळीच्या कांठापासून तेल किती खालीं आहे तें मोजीत होता. त्यानें आम्हांस हांक मारली नव्हती. आम्हीं स्वतः पट्टी घेऊन मोजलें. उजवीकडे जितकें, तितकेंच डावीकडे. दोराएवढाहि फरक नाहीं. आम्हीं पट्टी त्याच्या हातांत परत दिली आणि घरांत आलों. त्या वेळीं जें बोलावयास हवें होतें, तें आम्ही बोललों नाहीं. वडील माणसाच्या तोंडीं आरोप किती लवकर येतो, आणि तो मागें घेण्याचे शब्द किती दूर असतात, याचा अनुभव त्या रात्रीं अंथरुणावर पडल्या पडल्या आला.

दादांच्या वेळेपासून या गाडीचें काम पाहणारे एक वृद्ध मिस्त्री खालापूरजवळ जुन्या मुंबई-पुणें रस्त्यावर आहेत. द्रुतगति मार्गावर दुचाकीस मज्जाव असल्यामुळें जुन्या रस्त्यावर अशीं दुकानें अजून टिकून आहेत. दुसऱ्या दिवशीं आम्ही खोपोलीची लोकल धरली. पळसदरी, केळवली, डोलवली, लौजी हीं लहानलहान स्टेशनें मागें टाकीत गाडी जात होती, आणि खिडकींतून दिसणाऱ्या भाताच्या नांगरलेल्या खाचरांकडे आमचें लक्ष नव्हतें. खोपोलीहून रिक्षा करून त्यांच्या दुकानीं पोंचलों.

मिस्त्रींनीं विचारलें, “गुरुजी, गाडी कुठं आहे?”

“घरीं. आणण्याजोगी नाहीं.” आणि आम्हीं सर्व हकीकत सांगितली.

त्यांनीं तीनच प्रश्न विचारले. पहिला: “हँडल हातानं दाबलं तर खालीं जातांना अडकतं, कीं वर येतांना?” आम्हीं सांगितलें, दोन्ही वेळां. ते म्हणाले, “मग तेल नाहीं. तेल जास्त झालं तर शेवटाला जड जातं. कमी झालं तर भसकन खालीं बसतं. दोन्हीकडं अडकतं म्हणजे नळी घासतेय.” दुसरा: “नळ्या सरळ होत्या?” ओट्यावरची परीक्षा सांगितली, ती त्यांस पसंत पडली. तिसरा: “शेवटचे बोल्ट चाक टेकवून आवळले, कीं हवेंत?”

आम्ही क्षणभर थांबलों. “हवेंत,” आम्हीं सांगितलें.

मिस्त्री हंसले नाहींत, याबद्दल आम्ही त्यांचे ऋणी आहों. ते म्हणाले, “दादासाहेब शेवटचा बोल्ट मला कधीं लगेच आवळूं देत नसत. आधीं गाडी खालीं घ्यायचे, पुढचा ब्रेक धरून दहा-बारा वेळां दाबायचे. म्हणायचे, तिला जागा घेऊं दे, मग आवळ.”

आमच्या बंधूंच्या अंगीं ही एक संवय होती, आणि तीस वर्षें एका घरांत राहून ती आम्हांस ठाऊक नव्हती.

यांतील कारण असें आहे. आंसाच्या एका टोकास नट असतो. दुसऱ्या टोकाचा पाय आंसावर थोडासा इकडेतिकडे सरकूं शकतो, आणि त्याला जागच्या जागीं धरण्याचें काम लहान पकडबोल्ट करतो. चाक अधांतरीं असतांना त्या पायावर भार नसतो, म्हणून त्याची खरी जागा कोणती हें ठरलेलें नसतें. अशा वेळीं पकडबोल्ट आवळला कीं तो पाय जेथें असेल तेथेंच धरला जातो. खालीं दोन पायांतलें अंतर वरच्यापेक्षां किंचित् कमी किंवा जास्त राहतें. तेवढ्यानें नळ्या बाजूला दाबल्या जातात. जितकें घट्ट आवळावें तितकी ही चूक पक्की होते. आम्हीं सर्व बळ लावून आमची चूक पक्की केली होती.

परत आल्यावर गाडीकडे जाण्यापूर्वीं एक काम होतें. ज्या ठिकाणीं आम्हीं पुतण्यास बोल लावला होता, त्याच माजघरांत, रात्रींच्या जेवणाच्या वेळीं, सर्वजण बसले असतां आम्हीं सांगितलें कीं, त्यानें तेल बरोबर घातलें होतें. चूक आमच्या हातून झाली. आणि त्यास जो गुडघा फुटला तो आमच्यामुळें. हें वाक्य लहान आहे. परंतु घरांतील वडील माणसानें तें म्हणून पहावें, म्हणजे त्याची लांबी कळेल.

पुतण्या म्हणाला, “काका, मी त्या रात्रीं तेंच सांगत होतों. चाक अजून वर आहे म्हणून.”

“माहीत आहे रे बाळ. मीं बोलूं दिलं नाहीं.”

आमच्या मातुश्री नव्वदीच्या घरांत आहेत. त्या म्हणाल्या, “एवढं सांगायला खालापुरास जावं लागलं होय?” त्यावर वहिनीसुद्धां हंसल्या, आणि दोन दिवसांनीं घरांत कोणी हंसलें.

दुसऱ्या सकाळीं जें केलें तें क्रमानें देतों. कोणाच्या तरी उपयोगीं पडेल. प्रथम चाक काढून, नळ्या दोन्ही टींतून समान उंचीवर आल्या आहेत कीं नाहींत हें पट्टीनें पाहिलें. डावी नळी उजवीपेक्षां दोन दोरे वर होती. हँडल एका बाजूस ओढलें जाण्यास तेवढें पुरे असतें. ती सारखी करून वरच्या टीचे बोल्ट आवळले, खालच्या टीचे व मडगार्डाचे नुसते हातानें लावून ठेवले. मग चाक चढविलें. येथें एक गोष्ट प्राण गेला तरी विसरूं नये: ड्रम-ब्रेकच्या गाडींत ब्रेकच्या झांकणाची खांच पायावरच्या खुंटींत नीट बसली आहे हें डोळ्यांनीं पहावें. ती बसली नसेल तर ब्रेक दाबतांच झांकण चाकाबरोबर फिरूं पाहतें आणि चाक जागच्या जागीं अडकतें. त्यानंतर ब्रेक दाबून धरून आंसाचा नट आवळला; पकडबोल्ट सैलच ठेवला. ठोकळा काढला, गाडी दोन्ही चाकांवर घेतली. पुढचा ब्रेक धरून हँडल बारा वेळां खालीं दाबलें व सोडलें. सातव्या-आठव्या खेपेस पुढचें अंग मोकळें होऊन वर आलें, आणि पकडबोल्टापाशीं पाय आंसावर अंदाजे दोन दोरे बाहेर सरकल्याची नवी चकचकीत रेघ दिसली. हेंच तें अंतर, ज्यानें पोरगा मातींत गेला. मग खालून वर, या क्रमानें, पकडबोल्ट, मडगार्ड व शेवटीं खालची टी आवळली. आणि तेंहि पुस्तकांत सांगितलें असेल तितकेंच, सर्व बळानें नव्हे.

इतर दोष असतील तर त्यांची लक्षणें निराळीं असतात, तींहि मिस्त्रींनीं सांगितलीं. ब्रेक दाबतांच पुढून ‘टक्’ असा आवाज आला तर हँडलच्या मानेंतल्या गोळ्या सैल आहेत. चाक उचलून दोन्ही पाय हातांत धरून पुढें-मागें हलवावे, खेळ असेल तर हातास कळतो. उलट हँडल मध्यावर येऊन अडकल्यासारखें वाटलें, तर गोळ्या फार आवळल्या आहेत किंवा त्यांच्या वाट्यांस खळगे पडले आहेत. पुढचें अंग भसकन खालीं जाऊन आपटत असेल तर तेल कमी किंवा पातळ; शेवटास दगडासारखें लागत असेल तर तेल जास्त, कारण तेलावरच्या हवेस दबावयास जागा उरत नाहीं, आणि असें तेल पुढें सीलेंहि फोडतें. तेल घातल्यावर नळ्या सावकाश दहा-बारा वेळां वरखालीं करून आंतली हवा काढावी, आणि मगच पातळी मोजावी. मडगार्डाचे बोल्ट काढतांच पायांची हालचाल मोकळी होत असेल, तर मडगार्डाची कमान वाकली आहे असें समजावें. एका वेळीं एकच कारण तपासावें. दोन गोष्टी एकदम बदलल्या तर कोणत्या गोष्टीनें गुण आला हें कळत नाहीं. हा शेवटचा नियम वैद्यकींत जसा खरा, तसाच येथेंहि खरा आहे.

आठ दिवस पुतण्यानें गाडी गांवांतल्या गांवांत चालविली. रोज संध्याकाळीं तो नळ्यांवर पांढरें फडकें फिरवून तेल येतें का पाही, आणि आम्ही बोल्टांवर केलेल्या रंगाच्या खुणा हलल्या नाहींत ना, हें पाहूं. फडकें कोरडें राहिलें, खुणा जागच्या हलल्या नाहींत. नंतर संकष्टीच्या दिवशीं सकाळीं वहिनी पडवींत आल्या, गाडीचें हँडल त्यांनीं स्वतः एकदां दाबून पाहिलें, आणि मुलास म्हणाल्या, “चल, महडला जाऊन येऊं.” महडच्या वरदविनायकास दादा दर संकष्टीस त्यांना याच गाडीवरून नेत असत. दोघेंजण खोपोलीच्या रस्त्यास लागलीं. गतिरोधकावर गाडी हळूच खालीं बसली आणि तशीच हळूच वर आली. तेवढें आम्हीं फाटकांतून पाहिलें आणि घरांत आलों.

त्या दिवसापासून आम्ही एका गोष्टीचा विचार करीत आहों. दादा गेल्यावर घराचा कारभार आमच्याकडे आला, आणि तो हातून निसटेल या भयानें आम्हीं सर्वच गोष्टी घाईनें आवळल्या होत्या. कोणी काय करावें, कोणी काय विचारावें, हें ज्यानें त्यानें आपली जागा घेण्यापूर्वींच आम्हीं ठरवून टाकलें होतें. घर बाहेरून चोख दिसत होतें. बशींत एकहि नट उरला नव्हता. आंत काय घासत होतें, हें मात्र पळसदरीच्या मातींत कळलें. सैल सोडणें म्हणजे दुर्लक्ष करणें नव्हे, आणि आवळावें तर लागतेंच. न आवळलेलें चाक कोणास घरीं आणीत नाहीं. प्रश्न क्रमाचा आहे.

आश्विनांत पाऊस ओसरल्यावर गाडीचें तेल बदलावयाचें आहे. पाना या खेपेस पुतण्याच्या हातीं राहील. उजेड आम्ही धरूं.